मुखपृष्ठाची मोहिनी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीची गोष्ट. चित्रकलेच्या तासासाठी प्रत्येकाने आपल्या घरातील एखादे जुने सिनेमासिक किंवा दिवाळी अंक घेऊन यावा, असे मी वर्गाला सांगितले होते. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेतून असे वीस-पंचवीस अंक गोळा झाले. ते टेबलावर ओळीने मांडताच सारा वर्ग भोवती जमला. जिकडे पाहावे तिकडे टपोरे डोळे, गुलाबी गाल आणि मंद स्मित! मुले नावे ओळखण्यात दंग झाली. तेवढ्यात एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, यांतली एकही बाई माझ्या रंगाची नाही."

काही मुले हसली. मला मात्र हसू आले नाही. ती बोलली ते खरे होते. ते तसे का असावे, हे उलगडून सांगण्याकरिता हा लेख लिहीत आहे.

मुखपृष्ठ हे मासिकाचे तोंड होय, असे आपण सहज म्हणतो. परंतु ते दुकानाच्या दर्शनी काचेसारखेही असते. ज्या मालाकडे गिऱ्हाइकाची नजर वळावी, तोच माल दुकानदार काचेत मांडतो. सिनेमासिकाच्या मुखपृष्ठाला एकाच वेळी दोन वस्तू विकावयाच्या असतात. एक तो अंक आणि दुसरी तो चित्रपट. निर्मात्याला आपल्या आगामी चित्राचा गाजावाजा हवा असतो, तर मासिकाला वाचकाचा हात थांबविणारा चेहरा हवा असतो. एकाची गरज दुसऱ्याकडून भागते. म्हणूनच चित्रपट लागण्याच्या सुमारास त्यातील नायिका मुखपृष्ठावर झळकते. हा योगायोग क्वचितच असतो. बहुधा ती ठरवून साधलेली वेळ असते.

ही विद्या आपल्याकडे चित्रपटाबरोबरच जन्मास आली. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात सर्वांसाठी खुला झाला. त्याच्या एका प्रसिद्ध जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सर्व अवघ्या तीन आण्यांत, असा मजकूर होता. फाळक्यांनी आकड्यांनी भुरळ घातली. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी ती रंगांनी घातली. ते मूळचे चित्रकार. 'सैरंध्री' (१९२०) काढणाऱ्या या कलावंताने आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगविली. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांपैकी एक मानले जाते.

या कलेशी आपल्या इंदूरचेही नाते आहे. १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा सुरू झाली आणि द. दा. देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली एक अख्खी पिढी तयार झाली. ना. श्री. बेंद्रे तेथलेच. मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथेच धडे गिरविले. पुढे मुंबईस गेल्यावर हुसेन यांनी पोटासाठी कित्येक वर्षे सिनेमाचे प्रचंड फलक रंगविले. जगप्रसिद्ध होण्यापूर्वी या चित्रकाराचे काम रस्त्याने जाणाऱ्या माणसाला क्षणभर थांबविणे, हेच होते. भिंतीवरचा फलक जे काम मोठ्या आकारात करतो, तेच काम मुखपृष्ठ वीतभर जागेत करते.

मुखपृष्ठाच्या कलेला खरा बहर आला तो 'फिल्मइंडिया' या इंग्रजी मासिकामुळे. बाबूराव पटेल यांनी ते १९३५ साली मुंबईत सुरू केले. त्याची मुखपृष्ठे रंगविणाऱ्यांत गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित आणि रघुवीर मुळगावकर हे सिद्धहस्त चित्रकार होते. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या काळचे बहुतेक सर्व चित्रपट कृष्णधवल होते. 'किसान कन्या' हा रंगीत बोलपट १९३७ साली निघाला खरा. परंतु रंगीत चित्रपटांची रीत पडायला पुढे पंचवीस-तीस वर्षे लागली. म्हणजे पडद्यावर नायिकेची साडी कोणत्या रंगाची आहे, हे प्रेक्षकाला दिसत नव्हते. मुखपृष्ठावर मात्र ती डाळिंबी होती, ओठ तांबडे होते आणि मागे मावळतीचे सोनेरी आकाश होते! चित्रपटात जे नव्हतेच, ते मुखपृष्ठाने देऊ केले. वाचकाने मनात तो रंग भरला आणि मग तिकीट काढले.

चित्रकार हे कसे साधत असे? त्याच्यासमोर चित्रपटातील एखादे काळेपांढरे छायाचित्र असे. त्यातील चेहरा तो उचली आणि बाकीचा पसारा गाळून टाकी. डोळे किंचित मोठे करी. गालावर एकाच बाजूने प्रकाश पाडी. नजर थेट वाचकाकडे वळवी, जेणेकरून पाहणाऱ्या प्रत्येकास वाटावे, ही मजकडेच पाहत आहे. कातडीचा रंग तर त्या छायाचित्रात नसेच. तो चित्रकाराला आपल्या पदरचा घालावा लागे. आणि बाजाराला गुलाबी गोरेपणा रुचतो, असे ठरून गेल्यामुळे हात बहुधा त्याच रंगाकडे वळे. माझ्या विद्यार्थिनीच्या बोलण्याचे उत्तर येथे आहे. तो रंग कोणा बाईचा नव्हताच. तो रंगाच्या ताटलीतला होता.

याच 'फिल्मइंडिया'कडून आणखी एक धडा मिळतो. बाहेर इतके मोहक चित्र, पण आत बाबूरावांची परीक्षणे इतकी जहाल की, भले भले निर्माते त्यांना वचकून असत. अर्थात मुखपृष्ठावरील चित्र म्हणजे संपादकाचे मत नव्हे. शिवाय बाबूराव स्वतःही चित्रपट काढीत; 'द्रौपदी' (१९४४) त्यांनीच दिग्दर्शित केला. परीक्षण लिहिणारा आणि चित्रपट काढणारा जेव्हा एकच असतो, तेव्हा वाचकाने दोनदा विचार करावा, हे सांगणे नलगे.

१९५२ साली 'फिल्मफेअर' निघाले, १९६४ साली हिंदीत 'माधुरी' आले, आणि हळूहळू कुंचल्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. छायाचित्र खोटे बोलत नाही, असा आपला समज असतो. परंतु प्रकाश कोठून सोडावा, सुरकुती कशी झाकावी, शंभर चित्रांतून कोणते एक निवडावे, हे सारे माणूसच ठरवितो. मराठीत 'चंदेरी'चे संपादन करणारे गौतम राजाध्यक्ष हे या प्रकाशविद्येतील मोठे जाणकार होते. १९७१ साली निघालेल्या 'स्टारडस्ट'सारख्या मासिकांनी चेहऱ्याशेजारी अर्धवट वाक्ये छापण्याची रीत रूढ केली. वाक्य अर्धे ठेवले की उरलेले अर्धे वाचण्यासाठी अंक घ्यावाच लागतो! आज तेच चित्र आणि तेच अर्धे वाक्य मोबाईलच्या पडद्यावर फुकट मिळते. पण तेथे पैशांऐवजी आपला वेळ खर्ची पडतो.

या साऱ्याचा रोख तरुणांवरच का? कारण सोपे आहे. 'मी कसा दिसावा, कसे वागावे' हा प्रश्न चौदाव्या-पंधराव्या वर्षी जितका छळतो, तितका पुढे छळत नाही. मुखपृष्ठ त्याचे तयार उत्तर पुढे करते. 'लव्ह इन सिमला' (१९६०) पाहून आणि साधनाची चित्रे पाहून असंख्य मुलींनी कपाळावर बटा कापून घेतल्या. 'साधना कट' हा शब्दच बोलण्यात रूढ झाला. त्यात काही पाप नाही. पण हृषीकेश मुखर्जी यांच्या 'गुड्डी' (१९७१) मधील शाळकरी मुलगी पडद्यावरच्या नायकाला खरा मानून बसते. तिला चित्रपटाच्या कारखान्यात नेऊन पडद्यामागचे कष्ट दाखवावे लागतात, तेव्हा कोठे तिचे डोळे उघडतात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण तिला घरबसल्या कोणी शिकवू शकले नसते.

मुखपृष्ठ जे दाखविते त्याहून जे दाखवीत नाही, तेही पाहावे. ते चेहरा मागते; म्हणून लेखक, ध्वनियोजक, नेपथ्यकार, गायक यांना तेथे जागा क्वचितच मिळते. लता मंगेशकर यांचा जन्म १९२९ साली आपल्या इंदुरातच झाला. 'महल' (१९४९) मधील त्यांचे गीत घरोघर पोचले, पण सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी नाव छापले होते ते पडद्यावरील पात्राचे, 'कामिनी' असे! आवाज एकीचा, आणि नाव जी अस्तित्वातच नाही अशा दुसरीचे.

विद्यार्थी मित्रांनो, सिनेमासिके पाहू नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. पंडित-मुळगावकरांची रेषा पाहून मीही कुंचला धरावयास शिकलो. मात्र मुखपृष्ठ हाती आले की तीन प्रश्न विचारावेत. हा चेहरा आजच का? यातले मूळचे किती आणि मागाहून घातलेले किती? आणि येथे कोण नाही?

त्या दिवशी मी वर्गाला घरचा अभ्यास दिला : आपापल्या कल्पनेने एक मुखपृष्ठ रंगवून आणावे. बहुतेकांनी नटनट्याच काढल्या. त्या मुलीने मात्र सराफ्यात भाजी घेऊन निघालेली आपली आजी काढली. हातात पिशवी, नजर थेट आपल्याकडे. चेहऱ्याचा रंग मनासारखा जमेना, म्हणून तिने तो तीनदा नव्याने कालवला होता, असे तिनेच मला सांगितले. ते चित्र चित्रकलेच्या खोलीबाहेरील फलकावर लावले आहे. येता-जाता अवश्य थांबून पाहावे.