भीड आणि बर्फ

19 फेब्रुवारी 2012. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पास या स्की-केंद्राजवळ, काउबॉय माउंटनच्या माथ्यावर सोळा जण जमले होते. पलीकडच्या अंगाला, केंद्राच्या हद्दीबाहेर, टनेल क्रीकचा उतार. वादळाने ताज्या बर्फाचा जाड थर अंथरून ठेवलेला. जमलेल्यांत नवखं जवळजवळ कुणी नव्हतं: व्यावसायिक स्कीपटू, स्कीवर लिहिणारे पत्रकार, स्पर्धांचा मुख्य परीक्षक, हा उतार वर्षानुवर्षं तुडवलेले स्थानिक. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा इशाराही अनेकांना ठाऊक होता. तरी ते उतरले, आणि तिघे परतले नाहीत.

हा डोंगर अनोळखी थोडाच होता! इथून जवळच, वेलिंग्टनला, 1 मार्च 1910 रोजी बर्फात अडकून पडलेल्या दोन आगगाड्या हिमस्खलनाने दरीत लोटल्या होत्या. 96 माणसं गेली. हिमस्खलनाने एवढे बळी अमेरिकेत दुसऱ्या कधीच घेतलेले नाहीत.

मग शहाणे का फसले? आधी बर्फाकडे पाहू. निरभ्र, थंड रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली ऊब आकाशाला देऊन टाकतो आणि हवेतली वाफ त्यावर पिसांसारख्या स्फटिकांनी गोठते. दहिवरच म्हणा ना, पण उभं, नाजूक आणि उन्हात चमचमणारं. त्यावर वादळाचा बर्फ बसला की ते गाडलं जातं, मात्र तिथेच टिकून राहतं. पत्त्यांच्या बंगल्यावर फरशी ठेवावी तशी ही रचना. एका माणसाच्या वजनाने खालचे पत्ते कोसळतात, तडा थराखालून सर्रकन पसरत जातो आणि अख्खी लादी सुटते. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक, आणि स्की करायला मजा येते तीही नेमकी तिथेच. टनेल क्रीकला वादळाआधीच्या कोरड्या दिवसांतलं असंच दहिवर तळाशी होतं.

खरी फसवणूक मात्र अनुभवाची. शंभरदा उतरलात आणि काही झालं नाही, तर त्यातून काय शिकलात? उतार पक्का होता, की केवळ तडा जाईल त्या जागी तुमचं पाऊल पडलं नाही, हे डोंगर कधीच सांगत नाही. चुकीच्या उत्तरालाही तो पैकीच्या पैकी गुण देत राहतो. इयन मॅकॅमन या अमेरिकी अभ्यासकाने हिमस्खलनाच्या 715 अपघातांच्या नोंदी तपासल्या. ओळखीच्या जागी उत्तम प्रशिक्षण घेतलेले गटही जवळजवळ अडाण्यांइतकाच धोका पत्करतात, असं त्याला आढळलं. शिक्षण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. ओळखीने त्याला झोपवलं.

दुसरी गोष्ट भिडेची. गट फार मोठा झालाय असं त्या माथ्यावर अनेकांच्या मनात येऊन गेलं होतं, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पण बोलायचं कुणी? यजमान स्थानिक, सोबतीला एकाहून एक नावाजलेले. त्यांना ठाऊक असेलच, असं प्रत्येकाने धरलं. पाहुण्याने यजमानाच्या ताटात खोट काढू नये, हा संकोच आपल्याला काही वेगळा समजावून सांगायला नको.

साधनांची उणीव नव्हती. गाडलेल्याचा ठाव लावणारी यंत्रं होती, फावडी होती. त्या लाटेत सापडलेली एक स्कीपटू पाठीवरची हवेची पिशवी फुगवल्यामुळे वाचली. चेहरा आणि हात तेवढे बर्फाबाहेर राहिले. पण साधनांचं काम अपघातानंतर सुरू होतं आणि वेळ क्रूर असते. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरचा 1994 चा अभ्यास सांगतो की, गाडलेल्यांपैकी पंधराव्या मिनिटाला नव्वद टक्क्यांहून जास्त जिवंत असतात, पस्तिसाव्याला जेमतेम तीस टक्के. वाटेत झाडांवर आपटलेल्यांना तर हा हिशेबही लागू नाही.

म्हणून आता माथ्यावर एक साधी रीत शिकवली जाते. सगळ्यांत नवख्याला आधी बोलू द्यायचं, जाणत्याने शेवटी. आणि एकाने जरी नको म्हटलं तरी सगळे मागे फिरतात. त्याला कारण विचारायचं नाही.