मामंजींचा ट्रान्झिस्टर आणि बारा व्होल्टची बॅटरी

आमच्या मामंजींचा ट्रान्झिस्टर सकाळच्या सात-पाचच्या बातम्यांना सुरू होतो, तो रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. घरात टीव्ही आहे, ह्यांनी त्यांना मोबाइलही घेऊन दिलाय. पण ‘त्या काचेवर माझं बोट लागत नाही,’ म्हणतात. आणखी एक कारण आहे, ते जुनं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना किल्लारीचा भूकंप झाला. सोलापुरातही घरं हादरली. आमचा सगळा वाडा अंगणात सतरंज्या टाकून बसला होता, आणि किल्लारी-सास्तूरकडे काय झालंय ते कळलं मामंजींच्या ट्रान्झिस्टरवरून. तेव्हापासून घरात विजेवाचून चालणारा रेडिओ हवाच, हा त्यांचा नेम.

गेल्या वैशाखात माझ्या लक्षात आलं की दुपारचा रेडिओ बंद असतो. विचारलं, तर ‘डोकं दुखतंय जरा.’ खरं काय ते सासूबाईंनी सांगितलं. “सेल पुरवून वापरतात गं. तुम्हाला मागायला नको म्हणून.” चार मोठे सेल लागतात त्या ट्रान्झिस्टरला. मी सेल आणून दिले असते, पण माणूस मानी. पैसे हातावर ठेवले असते त्यांनी.

बाजारात एलिमिनेटर मिळतो, पण तो भिंतीतल्या विजेवर चालतो. वीज गेली की रेडिओ मुका, म्हणजे मूळ हेतूच गेला. आमच्याकडे कॉम्प्युटरचा एक यूपीएस बिघडून पडला होता. त्यातली बॅटरी दुकानदाराकडून काढून तपासून घेतली, ती ठणठणीत निघाली. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तास. ट्रान्झिस्टरला हवे सहा व्होल्ट, दीड-दीडचे चार सेल म्हणून. बाराचे सहा करायचे, एवढंच ना? मी बी.ए. मराठीची, शाळेत तीन दिवस व्याकरण शिकवते. पण भागाकार मलाही येतो, असं वाटलं.

नवी पेठेतून हजार ओहमचे दोन रेझिस्टन्स आणले, एकापुढे एक जोडले आणि मधून तार काढली. मीटर लावला. बरोबर सहा! मी ह्यांना हाक मारून दाखवलं. मग ट्रान्झिस्टर जोडला, तर कुईसुद्धा नाही. मीटर पुन्हा लावला, तर दीड व्होल्टसुद्धा नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, “बाई, तुमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येतं?” मग लक्षात आलं. नळाला पाणी आलं की वरच्या मजल्यावर धार बरी असते. खालच्यांनी नळ सोडला, की वरची धार करंगळीएवढी. माझे सहा व्होल्ट कोणी पाणी घेत नव्हतं तोवरच सहा होते. ट्रान्झिस्टरने वीज ओढायला सुरुवात केली आणि दाब पडला. रेझिस्टन्स लहान घेतले तर? दहा-दहा ओहमचे घेतले, तर रेडिओ बंद असतानाही सात वॉट नुसते तापण्यात जातील. शिवाय आवाज वाढवला की ओढ वाढते, कमी केला की कमी होते. म्हणजे व्होल्टेज सारखं खालीवर होणार. नळावर हात ठेवून कोणीतरी बसायला हवं.

तो हात म्हणजे ७८०६ नावाचा तीन पायांचा आयसी. आत आठ व्होल्टच्या वर, त्याला झेपेल त्या मर्यादेपर्यंत, कितीही आलं, तरी बाहेर सहाच देतो. आकडे लिहिलेली बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावा पाय बॅटरीच्या प्लसचा, मधला मायनसचा, उजव्यातून सहा व्होल्ट. डाव्या आणि मधल्या पायात ०.३३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, मधल्या आणि उजव्या पायात ०.१ चा, दोन्ही पायांना अगदी लागून. बॅटरीच्या प्लसपाशी एक अँपिअरचा फ्यूज आणि एक बटण. संपलं की सर्किट! डाख द्यायला मात्र मी दोन संध्याकाळी घालवल्या. कथील आयर्नच्या टोकाला नुसतं चिकटवून चालत नाही, आधी तार तापली पाहिजे. फोडणीसारखंच, तेल तापण्याआधी मोहरी टाकून काय उपयोग?

एक गोष्ट मात्र प्रत्येकीने ऐकावी. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवल्याशिवाय बॅटरीपाशी जाऊ नये. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण दोन्ही टोकांना धातू टेकला तर तो क्षणात लालभडक होतो. माझी एक उघडी तार टेकली, तिचं रबर वितळून धूर निघाला. तेव्हा फ्यूज लावलेला नव्हता. भिंतीतल्या विजेला तर मी हातच लावत नाही. बॅटरी भरायला दुकानातला तयार चार्जर आणलाय.

पहिल्याच दिवशी मोठ्या आवाजात भजनं लावली आणि आयसीला बोट लावून पाहिलं, तर चटका! जास्तीचे सहा व्होल्ट हा आयसी उष्णता करून टाकतो, आणि वर सोलापूरचा ४२ अंशांचा उन्हाळा. मग त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा, म्हणजे हीट सिंक, स्क्रूने लावला. सगळं साबणाच्या डबीत बसवलं, पत्रा तेवढा बाहेर.

भाचा म्हणाला, “मामी, निम्मी वीज वाया जाते. तयार कन्व्हर्टर मिळतो, तो तापतही नाही.” तोही आणून पाहिला. खरंच गार राहिला. पण तो सेकंदाला लाखावर वेळा वीज जोडतो-तोडतो, आणि त्याची खरखर मीडियम वेव्हवर अशी उठली की बातम्या ऐकू येईनात. मोबाइल भरायला तो उत्तम आहे, आता त्यासाठीच ठेवलाय. रेडिओला माझा वाया घालवणारा आयसीच बरा. मीटरप्रमाणे आमचा ट्रान्झिस्टर साधारण दहावा हिस्सा अँपिअर ओढतो, त्यामुळे बॅटरी एका भरण्यात चाळीसेक तास आरामात चालते. पार रिकामी करू नये, अशा बॅटऱ्या त्याने लवकर मरतात. आणि बटण विसरू नये. रेडिओ बंद असला तरी आयसी थोडी वीज पीत राहतो.

जोडण्याआधी रेडिओच्या भोकाशेजारचं चित्र पाहून मधला दांडा प्लस की मायनस ते ठरवा. मी ते तीनदा पाहिलं. सेलही आधी काढून ठेवले.

मामंजींना काय सांगायचं, हा प्रश्न उरला होता. “शाळेच्या प्रदर्शनासाठी केलंय, चालतं का ते तुम्ही तपासून द्या,” म्हटलं. त्यांनी चष्मा लावून डबी उलटीसुलटी पाहिली, ‘साबणाची ना ही?’ म्हणाले, आणि बटण दाबलं. आता दुपारी स्वयंपाकघरात मला गाणी ऐकू येतात. प्रदर्शन कधी आहे, ते त्यांनी अजून विचारलेलं नाही. चार नवे सेल मात्र त्यांनी कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेत, आणि दर एक तारखेला मला मीटर लावून बघायला सांगतात.