बोल्ट कधी आवळायचा?

मर्सिडीज-बेंझने १९८२ साली आपल्या १९० या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला सस्पेन्शनचे पाच स्वतंत्र आर्म दिले. तीच रचना पुढे डब्ल्यू१२४ या मॉडेलमध्ये आली आणि ही गाडी १९९५ पासून पुण्यात तयार होऊ लागली. त्या पहिल्या गाड्यांनी आता तिशी गाठली आहे. गंजाने खाल्लं नसेल तर आर्मचं पोलाद सहसा शाबूत असतं. म्हातारं होतं ते टोकाच्या बुशमधलं रबर. ते फाटलं की मागून खडखड येते, चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडतो आणि टायर एका कडेने झिजतात. टो एक अंशाने चुकला तर दर किलोमीटरमागे ते चाक सुमारे साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. म्हणून आर्म वेळेवर बदलायलाच हवेत, यावर फारसं दुमत नाही. पण नवा आर्म किती टिकेल हे त्याच्या ब्रँडइतकंच, शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा चाक कुठे होतं यावरही ठरतं, आणि याकडे कुणाचं लक्ष नसतं.

त्यासाठी बुश जवळून पाहायला हवा. बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी, आणि मध्ये दोन्हींना पक्कं चिकटलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जखडली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, रबर स्वतःच पिळलं जातं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाक लोंबतंय आणि मेकॅनिकने तिथेच बोल्ट करकचून आवळला असं समजा. ४० सेंटिमीटरच्या आर्मचं बाहेरचं टोक १० सेंटिमीटर खाली असेल, तर गाडी जमिनीवर टेकताच रबराला चौदा-पंधरा अंशांचा पीळ बसतो आणि गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाही तो सुटत नाही. चाक खड्ड्यातून आणखी पाच सेंटिमीटर वर उसळलं की जिथे सात अंश वळायचं तिथे रबर बावीसच्या आसपास वळतं.

यातलं खरं नुकसान रसायनशास्त्र सांगतं. नैसर्गिक रबराच्या लांब साखळ्यांत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. शहरी धुरावर ऊन पडलं की ओझोन जमिनीलगतही तयार होतो. रबर सैल असेल तर ओझोनचं काम वरच्या पातळ थरावरच थांबतं. ताण असेल तर चीर पडते, उघडते, आतला ताजा थर ओझोनसमोर येतो आणि चीर खोल जाते. ताणून ठेवलेला रबरबँड न वापरताही तडकतो, तो याचमुळे. चुकीच्या जागी आवळलेला बुश रात्रंदिवस त्याच अवस्थेत असतो.

‘चालवली की आपोआप बसेल,’ असं गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. पण आतली नळी फिरू नये म्हणूनच तर बोल्ट एवढा घट्ट लावतात. ती फिरलीच, तर ब्रॅकेटचं भोक झिजेल. दुसरा आक्षेप पॉलियुरेथेनच्या बुशांचा. त्यातले बरेच नळीवर मोकळे फिरतात, त्यामुळे पिळाचा प्रश्न राहत नाही, हे मान्य. मात्र ते कडक असतात, रस्त्याची थरथर आत पोहोचवतात आणि ग्रीस आटलं की कुरकुरतात; आरामासाठी बांधलेल्या गाडीला ते देणं मला पटत नाही. तिसरा मुद्दा अधिक रास्त आहे: बुश तेलाने, उष्णतेने आणि निव्वळ वयानेही जातात. खरंच आहे. पण वय आपल्या हातात नाही, पाना आहे.

आणि याला खर्चही नाही. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. आर्म बसवताना सगळे बोल्ट हातानेच लावायचे. मग हबखाली जॅक देऊन, गाडी स्टँडवर भक्कम आहे याची खात्री करून, तेच अंतर येईपर्यंत चाक वर घ्यायचं आणि तेव्हाच टॉर्क रेंच लावायचा. चाकं टेकवून गाडी उभी करता येईल असा चारखांबी रॅम्प असेल तर फारच उत्तम. व्हील अलाइनमेंट त्यानंतर. आधी केलं तर पिळलेलं रबर चाकाला जिकडे ढकलतंय, तिथलंच माप मिळेल.