तांबडा सदरा आणि एक जून

'यंदा अभ्यास होऊ दे, खेळ काय पुढच्या वर्षीही आहेच,' हे वाक्य आपल्या मराठी घरांत, मग ते घर बडोद्यात असो, धारवाडात असो की आमच्या जोयडा तालुक्यातील अणशीसारख्या रानगावात, पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहे. वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु विद्यापीठाच्या मैदानापुरते तरी हे वाक्य खरे नाही. तेथे खेळण्याची वर्षे मोजून दिलेली असतात आणि ती मोजणारे घड्याळ, मुलगा खेळो वा न खेळो, चालूच राहते.

या घड्याळाचा विचार अमेरिकेत जितका बारकाईने झाला आहे तितका क्वचितच कोठे झाला असेल. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबोळा चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राण घालून, अंगावर धावून जाण्याचा तो खेळ. तेथे दीर्घकाळ चालत आलेला मुख्य दंडक असा की, विद्यार्थ्याने पूर्ण वेळ नाव नोंदविल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळावे. पाच वर्षे आणि चार हंगाम, म्हणजे एक वर्ष शिल्लक उरते. त्या शिलकी वर्षात खेळाडू सामन्यांत उतरत नाही; मात्र तो वर्गात बसतो, संघाबरोबर रोज सराव करतो, शिष्यवृत्तीही घेतो. या राखून ठेवलेल्या वर्षाला 'रेडशर्ट' म्हणजे 'तांबडा सदरा' असे नाव पडले आहे. नेब्रास्का विद्यापीठातील वॉरन आल्फसन या खेळाडूने १९३७ साली, आपल्या जागेवर अधिक अनुभवी खेळाडू असल्यामुळे, एक वर्ष आपल्याला सामन्यांतून वगळावे अशी स्वतःच विनंती केली आणि सरावाला तो क्रमांक नसलेला तांबडा सदरा घालून येऊ लागला, अशी या नावाची हकीकत सांगतात. स्वतः होऊन मागे थांबणारा खेळाडू! आपल्याकडे संघात निवड झाली नाही तर घरात दोन दिवस चूल पेटत नाही.

पुढे या व्यवस्थेला फांद्या फुटल्या. हंगामाच्या पूर्वार्धातच दुखापत होऊन खेळ थांबला, तर वैद्यकीय कागदपत्रे सादर करून तो हंगाम परत मागता येऊ लागला. बाळंतपणासाठी खेळाडू विद्यार्थिनीला वर्ष वाढवून मिळू लागले. सैन्यात किंवा धर्मप्रसाराच्या सेवेत गेलेला काळही घड्याळातून वगळण्यात येऊ लागला. २०१८ साली फुटबॉलमध्ये अशी सवलत झाली की, चार सामन्यांपर्यंत खेळले तरी ते वर्ष राखलेलेच धरावे. २०२० च्या महामारीचा हंगाम तर कोणाच्याच खाती मांडला गेला नाही. अर्थात सगळे आलबेल आहे असे नव्हे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व छबीवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, तेव्हापासून एकेका वर्षाची किंमत वाढली आणि ते वर्ष मिळावे म्हणून खेळाडू न्यायालयाची पायरी चढू लागले. तरीही एक गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. थांबणे ही तेथे चोरी नाही. ते उघडपणे, नियमाने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली थांबणे आहे. थांबलेल्या मुलाला खुराक मिळतो, वैद्य मिळतो, सराव मिळतो.

आपल्याकडचे थांबणे बहुधा निव्वळ खंड असतो. याचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजनेखाली उत्तर कन्नडातील सिद्दी समाजाची मुले हेरली आणि त्यांना प्रशिक्षण केंद्रांत नेले. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्यापुरती ती योजना बंद पडली आणि ऐन उमेदीची मुले घरी परतली. योजना पुन्हा सुरू करता येते. परंतु खेळाडूचे विसावे वर्ष दुसऱ्यांदा येत नाही.

आपल्या देशात आंतरविद्यापीठ स्पर्धांची सूत्रे भारतीय विद्यापीठ संघाकडे आहेत. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेने १९७३ साली हे नाव धारण केले. तिच्या नियमांत वर्ष राखून ठेवण्याची सोयच नाही. खेळाडू पूर्ण वेळ शिकणारा खरा विद्यार्थी असावा, त्याचा प्रवेश तात्पुरता नसावा, तो पूर्ण वेळ नोकरीत नसावा, पदवीच्या प्रवेशास पात्र करणारी परीक्षा, म्हणजे बहुधा बारावी, उत्तीर्ण होऊन आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा, आणि १ जुलै रोजी त्याचे वय पंचविसाच्या आत असावे, असे हे ढोबळ निर्बंध आहेत. पूर्वी वयाची मर्यादा अधिक सैल होती. जागतिक विद्यापीठ स्पर्धांनीही ती अठ्ठाविसावरून पंचविसावर आणली. चेंग्डू येथील स्पर्धा २०२१ वरून लांबत २०२३ साली भरल्या, तेव्हा मात्र थांबलेल्या खेळाडूंचे नुकसान होऊ नये म्हणून वयात दोन वर्षांची सूट देण्यात आली.

आता हे नियम घरातील व्यवहाराशी ताडून पाहावे. वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी मुलीने बारावीनंतर दोन वर्षे घरी बसून अभ्यास केला, तर ती दोन वर्षे खेळाच्या खात्यातून वजा झालीच. मुलाला विसाव्या वर्षी खेळाडूंच्या राखीव जागेतून रेल्वेत किंवा पोलिसात नोकरी लागली, तर विद्यापीठाच्या संघाचे दार त्याला बंद होते. नोकरी नाकारावी असे आम्ही म्हणणार नाही. अणशीसारख्या गावात लागलेली नोकरी सोडा असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? पण कोणते दार उघडताना कोणते मिटते, हे आईवडिलांना आधी ठाऊक असावे.

याहून नाजूक गोष्ट जन्मतारखेची. आपल्या पिढीतील निम्म्या शाळूसोबत्यांचा वाढदिवस एक जूनला का येतो, हे वाचकांस सांगावयास नकोच. घरी नोंद नसे, मूल पाच-सहा वर्षांचे दिसे, आणि गुरुजी सरळ १ जून लिहून मोकळे होत. बहुतेकांना त्याने काही बिघडले नाही. खेळाडूला बिघडते. खऱ्या अर्थाने ऑक्टोबर २००० मध्ये जन्मलेल्या, परंतु दाखल्यावर १ जून २००० ही तारीख असलेल्या मुलाचा विचार करा. १ जुलै २०२५ रोजी त्याचे खरे वय चोवीस. कागदावर मात्र त्याला पंचवीस पूर्ण होऊन महिना झालेला. चार महिन्यांच्या त्या अंदाजाने त्याचा एक संपूर्ण हंगाम गेला, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर चढलेली तारीख बदलून घेणे किती जिकिरीचे असते, हे ज्यांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले आहेत त्यांनाच विचारावे.

याच्या उलट, हेतुपुरस्सर दोन वर्षे कमी लावण्याचा उद्योगही चालतो. अमेरिकेत जे वर्ष नियमाने राखले जाते, ते आपल्याकडे दाखल्यावर चोरले जाते. त्याला आळा घालण्यासाठी डाव्या मनगटाची क्ष-किरण छायाचित्रे काढून हाडांच्या वाढीवरून वय अजमावण्याची पद्धत आली. क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालील मुलांसाठी ती वापरत आले आहे. या पद्धतीतही काही महिन्यांचा मागेपुढे संभवतोच, आणि त्याचा फटका कधी कधी प्रामाणिक मुलालाही बसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मनोंदणीचा सुधारलेला कायदा अंमलात आला असून, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्माचा दाखलाच प्रमाण धरला जावयाचा आहे. गुरुजींच्या एक जूनची सद्दी त्यामुळे संपेल. मात्र आज जी मुले वर्गांत बसली आहेत त्यांचे दाखले घरच्यांनी दहावीपूर्वीच तपासून घ्यावेत.

सीमेवरच्या कुटुंबांना आणखी एक गुंता सोडवावा लागतो. अणशीचा मुलगा बारावीनंतर दांडेलीस वा कारवारास गेला, तर तो धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा खेळाडू होतो आणि दक्षिण विभागात खेळतो. तोच मडगावास किंवा पणजीस गेला, तर गोवा विद्यापीठाचा होऊन पश्चिम विभागात जातो. फुटबॉलची खरी ओढ असलेल्या मुलाला गोवा खुणावणारच. तेथे वाडीवाडीला मैदान आहे. तेथे चुरसही तितकीच मोठी, आणि पहिली दोन वर्षे राखीव बाकावर काढावी लागली तरी घड्याळ थांबत नाही. म्हणून प्रवेश घेतानाच महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांना त्या वर्षीची छापील नियमावली दाखवावयास सांगावी, आणि स्थलांतराचा दाखला वेळेत मागवून घ्यावा. त्यावाचून प्रवेश तात्पुरताच राहतो, आणि तात्पुरत्या प्रवेशावर संघात नाव चढत नाही. हे कागद आणावयाचे दिवस नेमके जून-जुलैचे, म्हणजे अणशी घाटात दरडी कोसळण्याचे. ते मे महिन्यातच आणून ठेवलेले बरे.