टिबुकली म्हणजे बदकाचं पिल्लू नव्हे

महाशिवरात्रीच्या यात्रेला चांगदेवला आलेली मंडळी तापी-पूर्णेच्या संगमावर उभी राहिली की कोणीतरी पाण्याकडे बोट दाखवून म्हणतंच, "ते बघ, बदकाचं पिल्लू!" पिल्लू लगेच बुडी मारतं, आणि मग दुसरा म्हणतो, "गेलं बिचारं, बुडालं."

दोन्ही चूक. ती असते टिबुकली. कोणी तिला पाणडुबी म्हणतं, कोणी पाणबुडी. वीतभर लांबीचा हा पक्षी पूर्ण वाढलेलाच असतो. हतनूर धरण भुसावळ तालुक्यात असलं तरी त्याचा फुगवटा आपल्या मुक्ताईनगर तालुक्यात आतपर्यंत येतो. गाळाने उथळ झालेलं, पाणवनस्पतींनी भरलेलं काठचं पाणी टिबुकलीला फार मानवतं. हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येणारे पक्षीमित्र लांबच्या पाहुण्या बदकांत रमतात. बारमाही टिबुकलीकडे बघायला कोणाला वेळ नसतो, म्हणूनच तिच्याबद्दल गैरसमज फार.

बदकाची चोच चपटी, हिची टोकदार. बदकाला शेपूट असतं, हिच्या मागच्या बाजूला नुसता पिसांचा झुपका. बदकाची बोटं पडद्याने जोडलेली असतात, हिच्या प्रत्येक बोटाला स्वतंत्र चपटी झालर असते. टिबुकलीच्या कुळाचं सर्वांत जवळचं नातं बदकाशी नाहीच, ते रोहित पक्ष्याशी, म्हणजे फ्लेमिंगोशी आहे. उंच पायांचा तो गुलाबी पक्षी आणि हा मातकट गोळा एका घरचे, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. पण डीएनएच्या अभ्यासातून 2001 पासून हेच पुढे येत गेलं.

तिच्या सगळ्या विचित्रपणाचं मूळ एकच: पाय. ते शरीराच्या अगदी मागच्या टोकाला आहेत, मोटरबोटीचा पंखा असावा तसे. पाण्याखाली ती पंख मिटून केवळ पायांच्या जोरावर पळते. मोबाइलवरच्या व्हिडिओंत दिसणारा रंगीत चोचीचा पफिनही बुडी मारतो, पण तो पाण्यात पंखांनी पोहतो. टिबुकलीची बुडी बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्याही आतली असते. ती अर्धा तास आत राहते, हा काठावरच्या माणसांचा भास. ती वर येते ती दुसरीकडेच, आणि धोका वाटला तर पिसांतली हवा दाबून काढून हळूच खाली बसते; मग पाण्यावर फक्त डोकं उरतं.

"तिला उडता येत नाही" हेही खरं नाही. उडण्याआधी तिला पाण्यावरून फडफडत लांब धावावं लागतं, म्हणून ती दिवसा उडायचं टाळते इतकंच. पावसाने नव्याने भरलेल्या तळ्यात ती एका सकाळी अचानक हजर असते, कारण प्रवास रात्री झालेला असतो.

शिवरात्रीला दिसलेली मळकट टिबुकली पावसाळ्यात तांबूस गाल-मान आणि चोचीच्या मुळाशी पिवळसर ठिपका घेऊन दिसली, तर ती वेगळी जात समजू नये. विणीचा साज तो. पफिनच्या चोचीचा भडक रंगही विणीपुरताच असतो, हंगाम संपला की वरच्या रंगीत खपल्या गळून पडतात.

घरट्याबद्दलचा गैरसमज मात्र तिच्या जिवावर बेततो. जमिनीवर धड चालता येत नाही, म्हणून ती पाण्यावरच कुजक्या शेवाळ-वनस्पतींचा ढीग रचते आणि तो लव्हाळ्याला अडकवते. बघणाऱ्याला तो कचरा वाटतो. घरटं सोडताना ती ओल्या वनस्पतींनी अंडी झाकून जाते, त्यामुळे "रिकामंच आहे" म्हणत लोक ढीग ओढून काढतात. पांढरी अंडी त्या ओलीने तपकिरी होतात. ती खराब झालेली नसतात. नर-मादी आळीपाळीने सुमारे तीन आठवडे उबवतात. पट्टेरी पिल्लं पहिल्या काही दिवसांत आईबापांच्या पाठीवर, पिसांत शिरून फिरतात.

"मासे संपवते" ही तक्रारही ऐकू येते. तिचं पोट भरतं ते पाणकिडे, त्यांच्या अळ्या, बेडूकमासे आणि बोटाएवढी मासळी यांवर. जाळ्यात यायच्या मापाचा मासा तिच्या चोचीत मावतच नाही.

रस्त्यावर किंवा शेतात बसलेली टिबुकली सापडली, तर "पाय मोडलाय" म्हणून तिला घरी नेऊन दाणे घालू नका. कोरड्या जमिनीवरून तिला उडताच येत नाही. जखम दिसत नसेल तर खोक्यात घालून जवळच्या तळ्यावर न्या आणि पाण्यात सोडा. जखम असेल तर वनविभागाला कळवा. आणि पाण्यातला कचरा काढताना तरंगता ढीग दिसला, तर त्याला हात लावण्याआधी थोडं लांब जाऊन थांबा. कोणी परत येतंय का, ते बघा.