सरपणच चुलीला सांगतं

चरबी म्हणजे जळण, अशी आपली समजूत असते. दिव्यातलं तेल असो की पोटावरची वळी, साठून राहायचं आणि वेळ आली की जळायचं. पण उद्या सरपणच चुलीला सांगू लागलं, 'मी आलोय, आता पेट,' तर? आपल्या शरीरात रोज हेच घडतं. त्याचा माग लागला तो उंदरांच्या सुजलेल्या यकृतातून.

1960 च्या दशकात रक्तातली चरबी उतरवणारं क्लोफायब्रेट हे औषध आलं. उंदरांना ते दिलं की त्यांचं यकृत वाढे आणि पेशींतल्या पेरॉक्सिसोम नावाच्या चिमुकल्या पिशव्यांना पूर येई. चरबीचे लांबलचक रेणू तोडण्याचं काम या पिशव्यांत चालतं. भारतीय वंशाचे जनार्दन रेड्डी यांनी अमेरिकेत या कोड्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. माणसाच्या यकृतात असा पूर येत नाही, पण रक्तातली चरबी उतरते. कशी, ते मात्र औषध लिहून देणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

1990 मध्ये इझाबेल इसेमन आणि स्टीफन ग्रीन यांना उंदराच्या यकृतात या औषधाचं कुलूप सापडलं. पेशीच्या केंद्रकात काम करणारं ते एक प्रथिन होतं. त्याचं नाव पेरॉक्सिसोम प्रोलिफरेटर ॲक्टिव्हेटेड रिसेप्टर, म्हणजे आद्याक्षरांनी 'पीपार'. आता कारखान्यात बनणाऱ्या गोळीसाठी निसर्ग लाखो वर्षं आधी कुलूप का घडवून ठेवेल? मूळ किल्ली वेगळीच असणार. 1992 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी ती दाखवली आणि ती निघाली साधी फॅटी ॲसिडं. आपल्या शेंगदाणा तेलात भरपूर असतात ती ओलेइक आणि लिनोलेइक आम्लंसुद्धा त्यांत होती.

इन्सुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं आणि बाहेरच थांबतं. फॅटी ॲसिड थेट माजघरात जातं. पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून वाहक प्रथिनं त्याला हात धरून केंद्रकापर्यंत पोचवतात. पीपारमधली त्याची जागाही ऐसपैस आहे. संप्रेरकांची कुलपं सहसा एकाच किल्लीचा हट्ट धरतात, इथे मात्र अनेक आकारांची आम्लं सामावतात. आम्ल बसलं की प्रथिनाचं एक टोक झाकणासारखं मिटतं, जनुकांना दाबून ठेवणारी प्रथिनं बाजूला होतात आणि मदतनीस येऊन चिकटतात. पीपार एकटा काम करत नाही. आरएक्सआर या जोडीदारासह तो डीएनएवर ए-जी-जी-टी-सी-ए ही सहा अक्षरं शोधतो. मध्ये एक अक्षर सोडून साधारण तीच सहा अक्षरं पुन्हा आली, की त्याचा मुक्काम तिथे पडतो आणि शेजारची जनुकं कामाला लागतात.

कोणती जनुकं? ते पीपार कोणता यावर ठरतं, कारण हे तीन भाऊ आहेत. अल्फा यकृतात चरबी जाळायला लावतो. 1999 मध्ये अल्फा नसलेल्या उंदरांना उपाशी ठेवून पाहिलं, तर त्यांच्या यकृतात चरबी तुंबली, रक्तातली साखर घसरली आणि मेंदूला उपासात पुरवायची कीटोन्स पुरेशी तयारच होईनात. सरपण भरपूर होतं, पण त्याचा निरोप ऐकणारं घरात कोणी नव्हतं. गॅमा उलट्या स्वभावाचा, चरबी नीट साठवायला शिकवणारा. मधुमेहाचं पायोग्लिटाझोन त्याच्यावरच काम करतं. तिसरा डेल्टा, तो स्नायूंतही चरबी जाळायला मदत करतो. अल्फा आणि गॅमा या दोघांनाही जागं करणारं सारोग्लिटाझार हे औषध अहमदाबादच्या झायडसने शोधलं. त्याला 2013 मध्ये भारतात मंजुरी मिळाली.

मला सर्वांत चकित करते ती दाहाची गोष्ट. जखमेपाशी पांढऱ्या पेशींना बोलावणारा ल्युकोट्रिन बी-4 हा रेणू ॲराकिडोनिक आम्ल या फॅटी ॲसिडपासूनच बनतो. 1996 मध्ये दिसलं की हाच रेणू अल्फालाही जागं करतो आणि अल्फा त्यालाच मोडून टाकणारी यंत्रणा वाढवतो. म्हणजे आग लावणाराच बंबाला वर्दी देतो. अल्फा नसलेल्या उंदरांच्या कानाची सूज म्हणूनच जास्त काळ टिकली. शिवाय दाहाची जनुकं चालू करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनालाही पीपार आवर घालतात.

याचा अर्थ तेल-तूप कितीही ओतावं असा नाही. निरोप्यांचीच गर्दी झाली तर निरोपाला किंमत राहत नाही. आणि 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना अल्फाची बाजूही कळलेली होती म्हणायची. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्याची साखर झाली की इन्सुलिन चढतं आणि साठ्यातून चरबी सुटणं थांबतं. खिचडीची वाटी देवाला चालत असेल, पण अल्फाच्या वहीत तो उपास लिहिला जात नाही.