वाळवंटातला मुक्काम आणि न दिसणारा घाम

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीमध्ये ‘फर्नेस क्रीक’ नावाचे कॅम्पग्राउंड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर खाली. ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत इथल्या जागा आधीच आरक्षित कराव्या लागतात. कुणी तंबू ठोकते, तर कुणी आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली मोठी गाडी, आणून उभी करते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्यांत सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसकडची मराठी कुटुंबेही वाळवंट पाहायला निघतात. सोबत पुण्या-नाशिकहून मुलाकडे किंवा लेकीकडे आलेले आई-बाबा असतात. ‘आम्हाला उन्हाची सवय आहे, विदर्भात काय कमी तापते?’ हे वाक्य मागच्या सीटवरून ठरलेलेच.

सवय असते, पण ती बहुतेकांना घाम दिसण्याची असते. मुंबईत मे महिन्यात शर्ट अंगाला चिकटतो, कपाळावरून धारा लागतात आणि पाणी प्यायला हवे हे कुणी सांगावे लागत नाही. डेथ व्हॅलीतली हवा इतकी कोरडी असते, की घाम त्वचेवर येतो आणि येताक्षणी उडून जातो. हात फिरवून पाहिले तर अंग कोरडे. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेवढाच काय तो पुरावा.

एक लिटर घामाची वाफ होताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत बराचसा घाम नुसता ओघळून वाया जातो, त्याने शरीर थंड होत नाही. वाळवंटात मात्र जवळजवळ प्रत्येक थेंब कामी येतो. माठातले पाणी कोरड्या हवेत जास्त गार होते, तसेच हे. म्हणून माणसाला बरे वाटत राहते आणि आतले पाणी कमी होत राहते. उन्हात चालताना तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक घाम जाऊ शकतो.

तहान लागली की पिऊ, हा हिशेबही इथे चुकतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांना प्रशिक्षण दिले. तेव्हा रॉचेस्टर विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सैनिकांचा अभ्यास केला. कमी पाण्यात भागवण्याची सवय शरीराला लावता येते, अशी तेव्हा समजूत होती. ती चूक ठरली. दुसरी गोष्ट अधिक आश्चर्याची होती. हाताशी भरपूर पाणी असतानाही सैनिक घामातून गेले तितके पाणी पीत नव्हते. ही तूट भरून निघे ती जेवणाच्या वेळी. उघड्या अंगाने उन्हात बसलेल्यांपेक्षा कपडे घातलेल्यांच्या अंगातले पाणी कमी जाते, हेही या अभ्यासात दिसले. पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि डोक्याला उपरणे, हा आपल्याकडच्या शेतकऱ्याचा वेश विज्ञानालाही मान्य आहे.

डेथ व्हॅलीचे उद्यान प्रशासन प्रत्येक माणसामागे दिवसाला किमान चार लिटर पाणी प्यायला सांगते. नुसते पाणी ढोसणेही बरे नाही. घामातून मीठ जाते. फक्त पाणी पीत राहिले तर रक्तातले सोडियम खाली येते, मळमळते, डोके दुखते, पुढे झटकेही येऊ शकतात. अमेरिकेतल्याच ग्रँड कॅन्यनमध्ये चालणाऱ्यांत असे रुग्ण आढळले आहेत. त्यामुळे जेवण टाळू नये, पाण्यासोबत चिवडा, शेंगदाणे असे खारट काही तोंडात टाकत राहावे. पथ्याचे मीठ खाणाऱ्यांनी मात्र याबाबत आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

आई-बाबांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी आहेत. वय वाढते तशी तहानेची जाणीव बोथट होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी दोन वाटांनी जाते. शिवाय पुन्हा पुन्हा अंधारात शौचालयापर्यंत जायला नको म्हणून अनेक ज्येष्ठ मंडळी संध्याकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. हे कुणी बोलून दाखवत नाही, विचारावे लागते. इन्सुलिन गाडीच्या कप्प्यात ठेवले तर उष्णतेने निकामी होते. ते बर्फाच्या पेटीत ठेवावे, पण बर्फाला चिकटून नको. गोठलेले इन्सुलिनही टाकूनच द्यावे लागते.

तंबू म्हणजे सावली, हा आणखी एक गैरसमज. नायलॉनचा बंद तंबू उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतो. दुपारी उपयोगी पडते ते चारही बाजूंनी मोकळे असे छत. आरव्हीची गतही बंद मोटारीसारखीच. तिचा एसी चालायला वीजजोडणी लागते आणि फर्नेस क्रीकच्या शंभराहून अधिक जागांपैकी जेमतेम अठरा जागांवर ती सोय आहे. जनरेटर ठरावीक वेळेतच लावता येतो.

हिवाळ्यात याचे फारसे बिघडत नाही. जुलैत मात्र इथले सरासरी कमाल तापमान ४७ अंशांच्या आसपास असते आणि रात्रीही पारा ३० अंशांच्या खाली क्वचितच येतो. वाळवंटातल्या रात्री थंड असतात, हे पुस्तकातले वाक्य उन्हाळ्यात या खोलगट दरीला लागू पडत नाही. तेव्हा डोंगरावर जाणेच शहाणपणाचे. वाइल्डरोझचा तळ सुमारे १२५० मीटरवर आहे, महॉगनी फ्लॅट त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. मोठी आरव्ही मात्र तिथवर जात नाही. जमीन तर हवेपेक्षा कितीतरी तापते. १९७२ च्या जुलैमध्ये फर्नेस क्रीकला जमिनीचे तापमान जवळपास ९४ अंश नोंदले गेले होते. २०२४ च्या जुलैमध्ये एका बेल्जियन पर्यटकाच्या सपाता वाळूच्या टेकड्यांवर हरवल्या आणि त्याचे तळपाय गंभीर भाजले. तापलेली हवा इतकी विरळ झाली होती, की हेलिकॉप्टर तिथे उतरू शकले नाही. त्याला आधी रुग्णवाहिकेने उंचावर न्यावे लागले.

उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या खाऊ लागले, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडे आहे की ओले, हे पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे भिजवावेत आणि जोराने वारा घालावा. कोरड्या हवेत हा उपाय फार लवकर काम करतो. मदतीसाठी ९११ क्रमांक आहे, पण दरीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून एकाने रेंजच्या दिशेने गाडी काढावी, दुसऱ्याने पाणी ओतत राहावे.

डिसेंबरच्या रात्री फर्नेस क्रीकला पारा चार-पाच अंशांवर येतो, डोंगरावर शून्याखाली. दिवसा टी-शर्टमध्ये फिरलेली मंडळी कुडकुडू लागतात आणि कुणीतरी जेवणाची कोळशाची शेगडी तंबूत घेते, किंवा आरव्हीतल्या गॅसच्या शेगड्या पेटवून दारे-खिडक्या लावून घेते. बंद न्हाणीघरात गॅस गीझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. कारण तेच, कार्बन मोनॉक्साइड. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके दुखते, मळमळते आणि दिवसभराच्या उन्हाचा शीण म्हणून माणूस झोपून जातो. तंबूतल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे. आरव्हीत या वायूचा अलार्म असतो. भाड्याने गाडी घेताना त्याचे बटण दाबून तो वाजतो का ते पाहून घ्यावे. तंबूसाठी जाड स्लीपिंग बॅग आणि खाली चटई, एवढे पुरते.

मुक्काम संपला तरी एक गोष्ट लक्षात ठेवायची असते. डेथ व्हॅलीच्या वाटेवर लागणारे सॅन वाकीनचे खोरे आणि शेजारचे ॲरिझोना राज्य इथल्या मातीत ‘कॉक्सिडिऑइड्स’ नावाची बुरशी असते. धुळीसोबत ती फुप्फुसात गेली, तर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, थकवा येतो. याला ‘व्हॅली फीव्हर’ म्हणतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही आणि बरेच जण आपोआप बरे होतात. पण आई-बाबा तोवर भारतात परतलेले असतात. खोकला हटत नाही, एक्स-रेमध्ये डाग दिसतो, आणि आपल्याकडे असा डाग दिसला की पहिला विचार क्षयाचा येतो. ही बुरशी भारतातल्या मातीत नाही. त्यामुळे महिनाभरापूर्वी आपण अमेरिकेत कुठे धूळ खाल्ली, हे रुग्णाने स्वतःहून सांगितले नाही, तर पुण्यातल्या डॉक्टरांना ते सुचायचे काही कारण नसते.